मी सुचवलेले पिक्चर कुणी बघत नाही, आणि आता मित्रही बोलत नाही

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय). लिहिणारा तिशीतला, पिक्चरवेडा. कॉलेजपासूनच्या सहा-सात मित्रमैत्रिणींचा ग्रुप आहे आणि त्यावर वर्षानुवर्षं पिक्चरचीच बडबड चालते, कुठला बघू, कुठला टाळू, कोण भारी नट आणि कोणाची नुसतीच हवा. हा त्यातला "एक्स्पर्ट". कुणाला काय सुचवलं, कधी सुचवलं, त्यांनी बघितलं का, बघून काय म्हणाले याची त्याने एक्सेल शीट केली आहे, न बघितलेल्या ओळी लाल. शीट जवळपास सगळी लाल आहे. मध्यंतरी त्याने फार मागे लागून सगळ्यांना 'कोर्ट' हा मराठी पिक्चर बघायला लावला. एका जुन्या मित्राने अर्ध्यात सोडला आणि ग्रुपवर लिहिलं, "कॅमेरा लावून कॅमेरामन झोपायला गेला होता काय रे?" वर याच्या सगळ्यात लाडक्या नटाबद्दल, "तो पण तसलाच, प्रत्येक पिक्चरमध्ये एकच थोबाड, आवाज पण रडका." यावर याने सगळ्यांसमोर सुनावलं, "तुला पिक्चरमधलं काही कळत नाही, तू मारामाऱ्याच बघ." मित्र ग्रुप सोडून गेला. बाकीचे आता गुड मॉर्निंग आणि हॅपी बर्थडेच्या पलीकडे काही टाकत नाहीत. त्याचे प्रश्न : "ताई, सुचवणं बंदच करू का? की त्यांना जे आवडतं ते मलाही आवडतं असं खोटं बोलत राहू? आणि माफी मागायची तर कशाची, माझं मत तर बरोबरच होतं ना? चांगला सिनेमा तो चांगला सिनेमा, त्यात मतं कसली?"

अरे, आधी तुझ्या त्या एक्सेलबद्दल बोलू, कारण मला सगळ्यात जास्त रस त्यातच वाटला.

कॉलम तू नीट लिहून पाठवलेस. पिक्चरचं नाव, कुणाला सांगितलं, तारीख, बघितला का, काय म्हणाला. मी ते वाचून थांबले, कारण एक कॉलम त्यात नाहीच : त्यांनी तुला काय सुचवलं आणि तू ते बघितलंस का. आता पत्रात परत जाऊन बघ, मधेच कंसात तू लिहून गेलायस की हाच मित्र तुला एका अ‍ॅक्शन पिक्चरच्या तीन भागांबद्दल कधीपासून सांगतोय पण "ट्रेलरवरूनच कळतं काय आहे ते" म्हणून तू हात लावला नाहीस. म्हणजे त्याच्याकडे जर अशी शीट असती तर त्यातली तुझी ओळसुद्धा लालच असती ना? फरक एवढाच की त्याने शीट केली नाही, तो नुसता विसरला आणि परत तुझ्याशी गप्पा मारायला आला.

मी तुला टोचायला नाही लिहीत हे. तुझ्यासारखी पत्रं बरीच येतात, आणि जवळपास प्रत्येकात हेच गृहीत धरलेलं असतं की सुचवणारा देतोय आणि समोरचे घेत नाहीयेत. पण ग्रुपमध्ये देवाणघेवाण व्हायची असेल तर दोन्ही बाजूंनी व्हायला पाहिजे, नाहीतर ते क्लासमधल्या होमवर्कसारखं होतं आणि तू तपासायला बसलेला सर. होमवर्क चुकवण्यात सगळे हुशार असतात, तू पण होतास.

आता तुझं ते वाक्य, "चांगला सिनेमा तो चांगला सिनेमा, त्यात मतं कसली". हे वाक्य आपण सगळेच भांडणात वापरतो, पण ते फार काळ उभं राहत नाही. 'साइट अँड साउंड' नावाचं ब्रिटिश मासिक 1952 पासून दर 10 वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं की आजवरचा सर्वोत्तम सिनेमा कुठला. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्हज' आला. मग 1962 पासून 2002 पर्यंत प्रत्येक वेळी 'सिटिझन केन'. 2012 ला 'व्हर्टिगो' वर चढला. आणि 2022 ला 'जान दिलमान', जो 1975 चा आहे, 3 तास 20 मिनिटांच्या वर आहे, आणि त्यात बराच वेळ एक विधवा बाई घरकाम करताना दिसते. हे सगळे लोक पिक्चर बघण्यातच आयुष्य घालवलेले, आणि तरी त्यांचा एक नंबर बदलत राहतो. सिनेमे तेच आहेत, बघणारे बदलले, मत द्यायला बोलावलेले बदलले, काळ बदलला.

आणि आपल्याकडचं बघायचं तर 'शोले'. 1975 ला लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या लोकांनी पडला म्हणून सांगून टाकलं होतं, समीक्षा पण काही खास नव्हत्या. पुढे तोच एका थिएटरात पाच वर्षं चालला. म्हणजे पहिल्या आठवड्यात बघून नाक मुरडणारा प्रत्येक माणूस काय मूर्ख होता का? मला नाही वाटत.

पण थांब, मी "ज्याची त्याची आवड" म्हणून हात झटकणाऱ्यांतली पण नाही. ते मला आळशीपणाचं वाटतं. 'कोर्ट' मला स्वतःला फार मोठा पिक्चर वाटतो आणि का वाटतो हे मी सांगू शकते, त्यावर भांडू पण शकते. तो जज आठवतो ना, एका बाईने बिनबाह्यांचा ड्रेस घातलाय म्हणून तिची केस ऐकायचीच नाही असं ठरवून पुढची तारीख देतो? आवाज चढवत नाही, चेहऱ्यावर राग नाही, बॅकग्राउंडला ढँण ढँण नाही, रोजचं काम असल्यासारखं बोलून मोकळा होतो. आणि कॅमेरा लांबच उभा, जवळ येऊन "बघा बघा कसला माणूस आहे" असं सांगत नाही, जे काय वाटायचं ते तुमचं तुम्हाला वाटू देतो. किंवा ती सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णीने केलेली, कोर्टात कायद्याची कलमं एकसुरात वाचत सुटते, आणि मग आपण तिच्याबरोबर तिच्या घरी जातो, मुलाला घेऊन येणं, स्वयंपाक, सगळ्यांना वाढणं. मला तिचा राग येत होता तो तिथे थोडा विरघळला आणि पुढच्या तारखेला परत आला. हे असं करणं सोपं नाही. तेव्हा तुझं मत चुकलं असं मी म्हणतच नाहीये.

पण मत बरोबर असणं आणि दुसऱ्याने ते मान्य करायला पाहिजे हे वेगळं, आणि तू हे दोन्ही एकत्र करून टाकलंयस. कॅमेरा हलत नाही हे त्या मित्राने बघितलं. बरोबर बघितलं. त्याला ते कंटाळवाणं वाटलं आणि तुला तेच भारी वाटलं. तिथे "हो, नाहीच हलत, मला पण पहिली 20 मिनिटं तसंच वाटलं, मग त्या जजच्या सीनला काहीतरी झालं" असं तू म्हणाला असतास तर गप्पा सुरू झाल्या असत्या. त्याने तुला दारच उघडून दिलं होतं, त्याच्या त्या टोमण्यात.

आणि तू तो विकला कसा होतास? तुझा मेसेज तूच पाठवलायस : "मस्ट वॉच!!! नॅशनल अवॉर्ड, ऑस्करला इंडियाची एन्ट्री, नाही आवडला तर सांगा आपण बोलू 😂". आता खरं सांग, यात पिक्चरबद्दल काय आहे? काहीच नाही. बक्षिसं आहेत आणि एक धमकी आहे, इमोजी लावलेली. मित्र दिवसभराच्या कामानंतर रात्री अकराला बेडवर पडून मोबाइलवर तो लावतो, ऑस्करची एन्ट्री म्हणजे कायतरी धडाकेबाज असेल म्हणून वाट बघतो, आणि समोर एक लांबलचक कोर्टरूम आणि पुढची तारीख. कुणीही झोपेल.

मी असती तर असं लिहिलं असतं : "एका म्हाताऱ्या शाहिरावर केस पडते, का तर त्याचं गाणं ऐकून म्हणे एका गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. कोर्टात डायलॉगबाजी नाही, नुसत्या तारखा पडतात. मधेमधे वकील आणि जज घरी गेल्यावर काय करतात ते दाखवलंय. हळू आहे, पण जजचं वागणं बघून हसू येतं आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. दोन तासांच्या आत संपतो. झोप आलेली असताना लावू नका. शाहीर झालेले वीरा साथीदार व्यवसायाने नट नव्हते, खरेच चळवळीतले होते, ते बघा." आणि हे पण सगळ्या ग्रुपला नाही टाकणार. तुमच्यात वकिली करणारी एक मैत्रीण आहे असं तू लिहिलंयस, तिला एकटीला पाठवलं असतं. बाकीच्यांना तिनेच सांगितलं असतं.

सुचवण्याचा सगळा खेळ माझ्या मते इथेच आहे. आपण पिक्चर आपल्याला किती आवडला त्या हिशोबाने सुचवतो, खरं तर समोरच्या माणसाच्या हिशोबाने सुचवायला पाहिजे. त्याला सध्या वेळ किती आहे, घरात बरोबर कोण बसणार आहे, सबटायटल वाचायचा कंटाळा आहे का, त्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय का (हे फार महत्त्वाचं, आजारपणावरचा कितीही सुंदर पिक्चर असला तरी त्या महिन्यात नको), त्याने शेवटचा मनापासून आवडलेला कुठला सांगितला. हे माहीत नसेल तर विचारायचं. "काय बघू?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "शेवटचा कुठला पिक्चर संपूच नये असं वाटलं?" त्यावरून जेवढं कळतं तेवढं "कुठला जॉनर आवडतो" विचारून कधीच कळत नाही, कारण जॉनरचं उत्तर सगळे शहाण्यासारखं देतात.

आणि एवढं करूनही अंदाज चुकतात, ते पण ऐक. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये जाहीर केलं होतं की आमची शिफारस करणारी सिस्टिम जो 10 टक्क्यांनी जास्त अचूक करून दाखवेल त्याला 10 लाख डॉलर. जगभरचे हुशार लोक कामाला लागले, बक्षीस मिळायला 2009 उजाडलं. कोट्यवधी रेटिंगचा डेटा हाताशी, तरी त्यांना एक पिक्चर फार छळत होता, 'नेपोलियन डायनामाइट' नावाची 2004 ची कॉमेडी. लोक तिला एकतर पाच स्टार द्यायचे नाहीतर एक, आणि कोण काय देईल ते त्याच्या बाकीच्या आवडीवरून सांगताच येईना. तुझ्या एक्सेलचं काय घेऊन बसलास मग.

शिवाय लाल ओळ म्हणजे "नाही बघितला" हे तू धरून चाललायस, ती "अजून नाही बघितला" पण असू शकते. 'शॉशँक रिडेम्प्शन' 1994 ला थिएटरात आपटला होता. नंतर लोकांनी तो व्हिडिओ कॅसेटवर भाड्याने आणून बघितला, मग टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागायला लागला, एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि आज आयएमडीबी या पिक्चरच्या वेबसाइटवर प्रेक्षकांच्या रेटिंगच्या यादीत तो सगळ्यात वर बसलाय हे तुला मी सांगायला नको. चांगली शिफारस माणसाच्या डोक्यात पडून राहते आणि कधीतरी रविवारी दुपारी, तू आसपास नसताना, वर येते. "बघितलास का, बघितलास का" विचारत राहिलं की मात्र तो पिक्चर उधारीसारखा अंगावर येतो आणि माणूस पिक्चरबरोबर तुलाही टाळायला लागतो. म्हणून माझं सरळ सांगणं, एकदा सांग आणि विसर. विचारायचं नाही. शीट ठेवायचीच असेल तर स्वतः काय बघितलं त्याची ठेव, ती दहा वर्षांनी वाचायला मजा येते.

बरं, आता नटाचं प्रकरण. (त्याचं नाव मी मुद्दाम गाळलंय, नाहीतर हे सदर त्याच्यावरच्या भांडणात संपेल.) मला वाटतं खरी जखम इथेच झाली, 'कोर्ट'मुळे नाही. 'कोर्ट' तुला आवडतो, पण त्या नटाचे पिक्चर तू शाळेत असल्यापासून बघतोयस, वडिलांबरोबर बघितलेले आहेत, असं तू लिहिलंयस. मग कुणी त्याला "एकच थोबाड" म्हटलं की ते तुला तुझ्या घरावर आल्यासारखं वाटतं. वाटणारच. फक्त समोरच्याला ते माहीत नसतं, त्याच्यासाठी तो पडद्यावरचा एक माणूस.

आणि एक बारीक गोष्ट तू लिहिलीस आणि पुढे निघून गेलास : मित्राने त्या नटाचा बघितलेला पिक्चर हिंदीत डब केलेला होता. अरे मग "आवाज रडका" हे ज्या माणसाबद्दल आहे तो डबिंग आर्टिस्ट कुठेतरी आरामात बसला असेल आणि तुम्ही दोघं भांडताय! हे आपल्याकडे फार होतं. 'गुलाम'मध्ये, 1998 च्या, राणी मुखर्जीचा आवाज राणीचा नव्हताच, दुसऱ्या कलाकाराने डब केला होता. आज तिचा तो घोगरा आवाज तिची ओळख आहे. त्या वेळी 'गुलाम' बघून कुणी तिच्या संवादफेकीवर मत दिलं असेल तर ते नक्की कुणाबद्दल होतं?

"प्रत्येक पिक्चरमध्ये एकच एक्स्प्रेशन" हा आरोप पण जरा सांभाळून करायला पाहिजे. 1920 च्या सुमाराला रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला असं सांगतात. एका नटाचा तोच एक निर्विकार क्लोजअप घेतला आणि तो आधी सूपच्या वाडग्याला जोडला, मग शवपेटीतल्या लहान मुलीला, मग एका बाईला. बघणारे म्हणाले काय सुंदर अभिनय, भूक बघा, दुःख बघा, ओढ बघा. चेहरा तोच होता. म्हणजे आपण ज्याला अभिनय म्हणतो त्यातलं बरंच काही एडिटिंग टेबलवर आणि आपल्या डोक्यात घडतं. त्यामुळे एखादा नट कमी करतोय की काहीच करत नाहीये हे ओळखायला त्याचे दोन-चार वेगवेगळ्या दिग्दर्शकांचे पिक्चर बघावे लागतात. एकावरून सांगायचं तर फार तर त्या रोलबद्दल बोलता येतं.

स्मिता पाटीलचं 1982 हे एक वर्ष घे. त्याच वर्षी 'उंबरठा', त्याच वर्षी 'अर्थ', आणि त्याच वर्षी 'नमक हलाल', अमिताभबरोबर पावसातलं गाणं. आता एकाने फक्त 'उंबरठा' बघितलाय आणि दुसऱ्याने फक्त 'नमक हलाल', आणि दोघं स्मिता पाटीलवर वाद घालतायत, तर ते दोन वेगळ्या बायकांबद्दल बोलतायत. दोघांनाही वाटतं आपल्याला ती माहितीय. म्हणून नटावरून वाद पेटायच्या आधी माझा एक नियम आहे, "तू त्याचा कुठला बघितलास?" एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत काही टाइप करायचं नाही. अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण दोघांनी वेगळेच पिक्चर बघितलेले असतात.

उलट बाजू पण आहे, ती फॅन लोकांना आवडत नाही. आपण प्रेमापोटी नटाला एका खोक्यात घालून ठेवतो. लक्ष्मीकांत बेर्डेवर महाराष्ट्राने किती जीव टाकला. आणि 1992 ला त्याने 'एक होता विदूषक' केला, पुलंची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, त्याच्या आयुष्यातलं एक फार मोठं काम, तर लोकांना त्यात नेहमीचा लक्ष्या सापडला नाही आणि पिक्चर चालला नाही. ते लोक शत्रू थोडेच होते, चाहतेच होते. परदेशात पण तेच, मायकेल कीटनला बॅटमॅन म्हणून घेतला तेव्हा हा तर कॉमेडीवाला म्हणून हजारो लोकांनी स्टुडिओला निषेधाची पत्रं पाठवली, तेव्हा इंटरनेट नव्हतं म्हणून पत्रं, आणि 1989 ला पिक्चर आला तो तुफान चालला. एकही सीन न बघता त्या सगळ्यांना खात्री होती. जशी तुला त्या अ‍ॅक्शन पिक्चरच्या ट्रेलरवरून आहे.

तर त्या मित्राला त्या नटाचा एखादा दुसरा पिक्चर सुचव, मूळ भाषेतला, सबटायटलवाला. पण आत्ता नाही. आणि "हा बघ आणि मग बोल" अशा सुरात तर अजिबात नाही.

(जाता जाता, तू भांडणात रॉटन टोमॅटोज या समीक्षकांचे कौल गोळा करणाऱ्या वेबसाइटचे 90 टक्के फेकलेस. ते 10 पैकी 9 मार्क नसतात रे. 100 समीक्षकांपैकी 90 जणांचा कौल बरा आला एवढाच त्याचा अर्थ, सगळ्यांनी "ठीक आहे, एकदा बघा" म्हटलं तरी टक्के वरच जातात. आणि मित्राला कंटाळा आलाय हे त्याला टक्के दाखवून खोटं कसं ठरणार?)

आता तुझे तीन प्रश्न. सुचवणं बंद करू का, तर नको. तुझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, पत्रावरूनच कळतं. काही दिवस गप्प बस एवढंच, आणि ते रुसून नाही, बघण्यासाठी. तो अ‍ॅक्शन पिक्चर लाव. तिन्ही भाग नको, पहिला. हातात पेन घेऊन खोड्या काढायला बसू नकोस, त्याला यात काय आवडलं असेल हे शोधत बघ. मारामारी नीट बघितलीस तर तिथे पण तुझ्या आवडीच्या गोष्टी सापडतील, शॉट किती लांब ठेवलाय, नट स्वतः करतोय की डुप्लिकेट आला की कट मारलाय, कोण कुठे उभा आहे ते आपल्याला कळतंय का. आणि हे सगळं करून भंगार वाटला तर भंगार. पण मग ते मत बघितलेल्या माणसाचं असेल.

खोटं बोलत राहू का, तर ते अजिबात नको. सहा-सात जणांच्या ग्रुपमध्ये सगळे सगळ्याला "मस्त मस्त" म्हणायला लागले की तिथे शिफारशीला किंमत उरत नाही, कुणाचंच काही ऐकून उपयोग नसतो. ज्याची आवड तुझ्याशी कधीच जुळत नाही असा मित्र तर फार कामाचा असतो, त्याला बोअर झाला म्हणजे तुला आवडायचा चान्स जास्त! फक्त "मला नाही झेपला" आणि "हा काय कचरा आहे, हे कसलं आवडतं तुला" यातलं पहिलं म्हण. पहिल्यात तू तुझ्याबद्दल बोलतोस, दुसऱ्यात समोरच्याबद्दल.

आणि माफी. मताची मागू नकोस, ती खोटी वाटेल आणि त्यालाही कळेल. चार लोकांसमोर "तुला काही कळत नाही" म्हणालास त्याची माग, कारण ते पिक्चरबद्दल नव्हतंच. त्याने नटाला नावं ठेवली, तू त्याला ठेवलीस, हे बरोबरीत सुटत नाही. ग्रुपवर नको, तो तिथे नाहीच आहे, आणि बाकीच्यांना तमाशा कशाला. लांबलचक मेसेज पण नको, तुझे मेसेज कसे असतात ते बघितलंय मी. फोन कर. "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलंच माझं. आणि तुझा तो पहिला पार्ट बघितला काल," एवढं बोल आणि थांब. बघितलेला असेल तरच हे बोल, नाहीतर तो मधल्या एखाद्या सीनबद्दल विचारेल आणि तू अडकशील. तो लगेच विरघळेल याची गॅरंटी मी देत नाही, कधीकधी पिक्चर हे निमित्त असतं आणि आत दुसरंच काही साठलेलं असतं, तसं असेल तर ते त्या फोनवर बाहेर येईल, येऊ दे, ऐकून घे. ग्रुपमध्ये परत ये म्हणून गळ घालू नकोस. तुम्ही दोघं बोलायला लागलात की तो स्वतःहून येईल किंवा नाही येणार, दोन्ही चालेल.

ग्रुपच्या बाकीच्यांसाठी एक करता येईल. आठवड्याला एकाची पाळी लावा, ज्याची पाळी त्याने एकच पिक्चर सांगायचा, दोन ओळीत, बक्षिसं आणि रेटिंग न सांगता. ज्याला जमेल तो बघेल, अर्ध्या तासात नाही पकडला तर सोडायची सगळ्यांना मोकळीक, आणि सोडणाऱ्याने फक्त कुठे सोडला ते सांगायचं. "कुठे सोडला" हे ऐकायला फार मजा येते, एकाच पिक्चरमध्ये तिघं तीन वेगळ्या ठिकाणी सोडतात. तुझी पाळी सगळ्यात शेवटी ठेव.

याच विषयावरची आणखी दोन पत्रं पडून होती, त्यांना इथेच उत्तर देते. नवऱ्याला हॉरर आवडतात आणि हिला रात्रभर झोप लागत नाही, तिच्यासाठी : नको बघूस, खरंच. आवड जुळवण्यासाठी भीती सोसायची काही गरज नाही, त्याला हेडफोन घेऊन दे आणि दोघांना चालेल असा तिसराच प्रकार शोधा, बहुतेक जोडप्यांचं मर्डर मिस्टरीवर एकमत होतं असा माझा अनुभव आहे. आणि ज्या काकांनी लिहिलंय की मुलं त्यांना सतत नव्या सीरिज सुचवतात आणि त्यांना त्या बघायच्याच नाहीत, त्यांनी मुलांना स्पष्ट सांगावं की आठ भागांचं काही नको, दोन तासांत संपणारं काही असेल तर सांगा. मुलं रागावणार नाहीत. त्यांना फक्त माहीत नाहीये की तुम्ही दर वेळी पहिल्या भागातच झोपताय.